ज्वारीनं गप्प बसावं का? – मुळांच्या पाठाबद्दल थोडंसं



'मुळांची कामे लिहा.' हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत सोडवला, डी.एड.ला असताना त्यावर पाठटाचण काढलं, आणि आता दरवर्षी मुलांना तोच विचारतो. उत्तरही ठरलेलं. मूळ रोपाला जमिनीत घट्ट धरून ठेवते. मूळ जमिनीतून पाणी व क्षार शोषून घेते. दोन मुद्दे, दोन गुण. फार तर गाजर-मुळ्याचं चित्र दाखवून 'अन्न साठवते' हा तिसरा मुद्दा.

माझं म्हणणं असं की या उत्तरात मुळाचं एक मोठं काम राहून जातं. मूळ जमिनीत रसायनं सोडतं आणि त्या रसायनांनी शेजाऱ्यांना हाक मारतं. ही हाक मित्र ऐकतो, तसा चोरही ऐकतो. ही गोष्ट वरच्या वर्गांसाठी राखून ठेवायची काही गरज नाही. चौथीच्या मुलांना ती नीट कळते. माझ्या वर्गात तर उलटंच झालं. मुलाच्या एका प्रश्नामुळे ती मला कळली. कशी, ते सांगते.

खिडकीतलं पांढरं फूल

आमची शाळा मराठवाड्यात, ज्वारी आणि कापसाच्या पट्ट्यात. दोन वर्षांपूर्वी पोळा झाल्यावर मी चौथीच्या मुलांना सांगितलं, रानातून एकेक तण घेऊन या, आपण नावं लिहू. केना आला, हरळी आली, गाजरगवत आलं. एका मुलानं वीतभर उंचीचं एक झाड आणलं. बारीक खरखरीत पानं, वर इवलीशी पांढरी फुलं. नाव त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी म्हणाले, "किती छान फूल आहे!" आणि ते पाण्याच्या बाटलीत घालून खिडकीत ठेवलं. आठवड्यानं ते वाळलं. मी ते परसबागेच्या खतखड्ड्यात टाकून दिलं.

चार दिवसांनी त्याचे आजोबा पोषण आहाराच्या तांदळाचं काही विचारायला शाळेत आले. नातवानं त्यांना सांगितलं होतं, बाईंनी माझं फूल खिडकीत ठेवलं म्हणून. त्यांनी वर्णन ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ते टारफुला हाय. ज्वारीला लागतंय. बोंडं झाली असतील तर त्या खड्ड्यातलं खत कुणाच्या रानात जाऊ देऊ नका."

त्या खड्ड्यातलं खत दरवर्षी गावातलंच कुणीतरी नेतं. मी ते थांबवलं. पण मनाला लागलं. ज्या गावात मी सात वर्षं शिकवते, त्या गावातल्या मुख्य पिकाचा चोर मी फूल म्हणून खिडकीत ठेवला होता. परजीवी वनस्पती शिकवताना मी दरवर्षी दोनच उदाहरणं देते, अमरवेल आणि बांडगूळ. दोन्ही वर दिसणारी. जमिनीखाली काय चालतं ते मी कधी वाचलंच नव्हतं.

टारफुला कसा जगतो

मग वाचायला बसले. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ चेटकीण. आपल्याकडे ज्वारीवर आणि उसावर येतो. आफ्रिकेत याच्या भावंडांनी मका, ज्वारी आणि बाजरीच्या शेतकऱ्यांना जेरीस आणलं आहे. याची पानं हिरवी असतात, म्हणजे थोडंफार अन्न तो स्वतःही बनवतो. पण दुसऱ्याच्या मुळाला चिकटल्याशिवाय तो मोठा होऊ शकत नाही.

त्याचं बी बघा. मिठाच्या कणापेक्षा लहान, काळपट पिठासारखं. एका झाडाला अशी हजारो बिया येतात, पन्नास हजार किंवा त्याहूनही जास्त. आणि हे बी जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतं. बी एवढं लहान, म्हणजे त्यात शिदोरीही तेवढीच. कोंब फुटला आणि काही दिवसांत ज्वारीचं मूळ सापडलं नाही, तर तो उपाशी मरतो. त्याचं कोवळं मूळ काही मिलिमीटरच वाढू शकतं.

आता विचार करा. अंधारात, मातीत, डोळे नाहीत, कान नाहीत. इतक्या लहान बीला कसं कळतं की ज्वारीचं मूळ आता अगदी जवळ आलं आहे, उगवायला हरकत नाही?

उत्तर असं की ज्वारीच सांगते. ज्वारीच्या मुळांतून काही रसायनं अत्यंत कमी प्रमाणात मातीत पाझरतात. पावसानं ओलावलेलं आणि काही दिवस उबेत राहिलेलं टारफुलाचं बी त्या रसायनाची वाट बघत असतं. ते लागलं की बी रुजतं. मुळापाशी पोचल्यावर मुळातून येणारी दुसरी रसायनं त्याला सांगतात, आता चिकट. मग त्याच्या टोकाशी चूषक मूळ तयार होतं. ते ज्वारीच्या मुळात घुसतं आणि पाणी व क्षार वाहून नेणाऱ्या नळ्यांना जोडलं जातं. यानंतर काही आठवडे टारफुला जमिनीखालीच असतो. वर फक्त ज्वारी खुरटलेली दिसते. जमिनीत ओल असूनही पानं सुकल्यासारखी होतात. पांढरं फूल वर दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त नुकसान होऊन गेलेलं असतं. लोकांनी याला चेटकीण का म्हटलं असेल, ते लक्षात येतं.

कापसाचं कोडं

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट पुढे आहे. बीला जागं करणारं हे रसायन शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळं काढलं ते १९६६ साली, अमेरिकेत. आणि कशातून काढलं? ज्वारीच्या नव्हे, कापसाच्या मुळांतून! त्याला नाव दिलं स्ट्रायगॉल. नंतर याच घराण्यातली आणखी बरीच रसायनं सापडली. त्या सगळ्यांना मिळून स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. मुलांपुढे हे नाव घेऊच नका, 'मुळाची हाक' म्हणा, काम भागतं.

टारफुला कापसावर जगू शकत नाही. कापसाच्या हाकेनं बी रुजतं, पण कापसाच्या मुळात त्याला घर करता येत नाही, आणि ते मरतं. म्हणजे कापूस हे टारफुलासाठी फसवं पीक झालं. ज्वारीवर टारफुला येत असेल तर कापूस, भुईमूग अशा पिकांशी फेरपालट करा, हा सल्ला आपल्याकडे जुना आहे. त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. त्या पिकांच्या हाकेनं जमिनीतलं बी रुजून फुकट जातं.

हे वाचून मला वाटलं, झालं, पाठ तयार झाला. आणि मी त्याचा खेळ केला.

टाळीचा खेळ

मैदानावर दहा मुलं डोळे मिटून उकिडवी बसवली. ही टारफुलाची बी. मधोमध एक मुलगी उभी केली, ती ज्वारी. नियम तीन.

१. ज्वारी हळूच टाळी वाजवणार. ऐकू आली तरच बीनं उठायचं.
२. उठल्यावर सगळ्यांनी पाच अंक मोजायचे. तेवढ्यात तीनच पावलं टाकायची. ज्वारीला हात लागला तर बी जगलं, नाही लागला तर बाद.
३. ज्वारीच्या जागी 'कापूस' उभा केला, तर टाळी तीच. पण कापसाला हात लागला तरी उपयोग नाही. जो उठला तो बाद.

मुलांना खेळ फार आवडला. ज्वारीच्या फेरीत जवळची तीन-चार मुलं जगली. कापसाच्या दोन फेऱ्यांत बहुतेक बी संपलं. त्यानंतर पुन्हा ज्वारी उभी केली तेव्हा तिला हात लावायला एकच उरला. फेरपालट म्हणजे काय, हे मला फळ्यावर लिहून सांगावं लागलं नाही.

आणि मग ज्या मुलानं ते फूल आणलं होतं, त्यानं विचारलं, "पण बाई, ज्वारी टाळी वाजवतेच कशाला? गप्प बसली तर चोर येणारच नाही ना!"

मी दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिले. खरंच, कशाला? स्वतःचा चोर स्वतः बोलावणारं रोप लाखो वर्षं टिकलं कसं? आणि कापूस? त्याचा तर या चोराशी काही संबंधच नाही, मग तो ती हाक का मारतो? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "उद्या सांगते." ('पुढच्या इयत्तेत कळेल' हे वाक्य तोंडावर आलं होतं. ते गिळलं, हे बरं झालं.)

३९ वर्षांनी आलेलं उत्तर

त्या रात्री शोधलं तेव्हा कळलं की या प्रश्नाचं उत्तर मिळायला जगालाही बराच वेळ लागला. १९६६ ते २००५, म्हणजे ३९ वर्षं. तोवर हे रसायन प्रामुख्यानं 'टारफुलाला जागं करणारं' म्हणूनच ओळखलं जात होतं. २००५ साली जपानमध्ये कोहकी आकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही हाक मुळात चोरासाठी नाहीच. ती बुरशीसाठी आहे.

बुरशी म्हटलं की मुलांना शिळी भाकरी आठवते, आणि आपल्याला पिकांवरचे रोग. पण जमिनीत एक वेगळी बुरशी राहते. तिला मायकोरायझा म्हणतात. कृषी सेवा केंद्रात याच नावाची किंवा 'व्हॅम' लिहिलेली पाकिटं मिळतात. ही बुरशी मुळाच्या आत शिरते, पण रोग करत नाही. तिचे धागे मुलांच्या तक्त्यातल्या मूलरोमांपेक्षाही बारीक असतात आणि मुळापासून दूरवर मातीत पसरतात.

याची गरज का पडते? स्फुरदामुळे. नत्र पाण्याबरोबर सहज वाहतं, स्फुरद मातीला चिकटून बसतं. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा स्फुरद खाऊन टाकतं, आणि पुढचा स्फुरद चालत येत नाही. ताटातलं संपलं आणि हात पुढच्या पातेल्यापर्यंत पोचत नाही, तसं. बुरशीचे धागे तिथपर्यंत पोचतात आणि स्फुरद आणून देतात. बदल्यात रोप तिला आपल्या पानांत तयार झालेलं अन्न देतं, साखर आणि स्निग्ध पदार्थ. रोपाच्या एकूण अन्नातले शंभरातले चार ते वीस वाटे बुरशीकडे जातात, असे अंदाज आहेत. म्हणजे हा फुकटचा कारभार नाही, रोकडा व्यवहार आहे.

ही सोयरीक फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या राईनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत वनस्पतींचे जीवाश्म आहेत, आणि त्यांच्या पेशींत अशीच बुरशी दिसते. तेव्हा खरी मुळंसुद्धा नीट तयार झालेली नव्हती. आजही जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती ही सोयरीक पाळतात. अपवाद आहेत. मोहरी, कोबी, मुळा यांच्या घराण्यात ती नाही.

या बुरशीची अडचण अशी की मुळाशिवाय ती आपला जीवनक्रम पूर्ण करू शकत नाही. आणि मातीत मूळ कुठे आहे ते तिला दिसत नाही. म्हणून रोप हाक मारतं. हाक लागली की बुरशीच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात आणि मूळ सापडायची शक्यता वाढते. पुढे बुरशीही आपली रसायनं सोडून ओळख पटवते आणि मग मूळ तिला आत घेतं. भुईमुगाच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंशीही अशीच रसायनांची देवाणघेवाण होते. तिथे रसायनं वेगळी, पण रोपाच्या आतला निरोप पोचवायचा रस्ता बराचसा हाच.

आता कापसाचं कोडं सुटलं. कापसालाही बुरशी हवी असते, म्हणून तो हाक मारतो. टारफुला त्याच्या गावीही नसतो. आणि ज्वारीच्या बाबतीत टारफुला हा चोरून ऐकणारा आहे. मैत्रिणीला बांधावरून हाक मारली आणि झाडाआडच्या चोरानं ऐकली, असा प्रकार.

आणखी एक गोष्ट २००८ साली कळली. फ्रान्स आणि जपानमधल्या दोन गटांनी वाटाणा आणि भातावर काम करून दाखवलं की हेच रसायन रोपाच्या आतही काम करतं. तिथे ते सांगतं, जास्त फांद्या फोडू नकोस, फुटवे आवर. स्फुरद कमी पडला की भाताला फुटवे कमी येतात, हे शेतकऱ्यांना माहीत असतं. त्यामागे हेच रसायन असतं. खायला कमी आहे म्हणून आत पसारा आवरायचा आणि बाहेर मदतीला हाक मारायची, ही दोन्ही कामं एकच पदार्थ करतो.

खेळ, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी खेळात एक मुलगी वाढवली. तिच्या हातात सुतळीचा गुंडा. ही बुरशी. ज्वारीच्या हाताला लागणार नाहीत असे लांबवर खडे ठेवले, तो स्फुरद. ज्वारीनं जागेवरून हलायचं नाही. टाळी ऐकू आली तर बुरशीनं सुतळीचं टोक तिच्या हातात द्यायचं आणि खडे आणून द्यायचे. प्रत्येक खड्यामागे ज्वारीनं एक चिंचोका द्यायचा. दहा खडे जमले तर कणीस भरलं.

मी त्या मुलाला म्हणाले, "आता तू ज्वारी हो. हवं तर गप्प बस." तो गप्प बसला. चोर एकही उठला नाही. बुरशीही उठली नाही. दोन मिनिटं गेली, हातात एकही खडा नाही. मुलं ओरडायला लागली, "वाजव! टाळी वाजव!" त्यानं वाजवली. बुरशी आली, आणि दोन चोरही आले.

"मग ज्वारीनं करायचं तरी काय?" तो म्हणाला. जरा चिडलाच होता.

हा प्रश्न खऱ्या माणसांनीही घेतला आहे. गेबिसा एजेटा हे मूळचे इथिओपियाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी टारफुलाला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार केल्या. त्यासाठी २००९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा काही ज्वारींमधलं गुपित २०१७ साली उलगडलं. त्यांच्यात एका जनुकात बदल झालेला असतो. त्यामुळे त्यांच्या मुळांतून नेहमीच्या हाकेऐवजी त्याच घराण्यातलं, पण थोडी वेगळी मांडणी असलेलं रसायन जास्त पाझरतं. बुरशीला तीही हाक कळते. टारफुलाचं बी मात्र तिला फारसं जागं होत नाही.

म्हणून तिसऱ्या फेरीत मी सांगितलं, ज्वारीनं टाळीऐवजी चुटकी वाजवायची. बुरशीनं दोन्हीला यायचं, बीनं फक्त टाळीला उठायचं. दोन बियांना मात्र मी कानात सांगून ठेवलं होतं की तुम्ही चुटकीलाही उठा. कारण सगळीकडचा टारफुला सारखा नसतो, आणि कुठलाही उपाय कायमचा ताईत नसतो. मुलांना तेही कळू दे.

वेळ मिळाला तर आणखी दोन गोष्टी सांगता येतील. अमेरिकेत कॅरोलायना भागात १९५६ साली मक्यावर टारफुला सापडला. पुढे तिथे जमिनीत इथिलीन वायू सोडून बी खोटंच जागं केलं आणि मारलं. कच्ची फळं पिकवतो तोच हा वायू. मोठा खर्च करून तिथला बहुतेक टारफुला संपवला. केनियातला शेतकरी तो खर्च करू शकत नव्हता. तिथे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ झेयाउर खान खोडकिडीवर काम करत होते. कीड पळावी म्हणून मक्यात डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक लावलं होतं. त्या पिकाच्या मुळांतल्या रसायनांनी टारफुलालाही अडवलं. काही रसायनं बीला फसवून रुजवतात, काही त्याला मुळाशी चिकटू देत नाहीत. किडीवरचा इलाज तणावरही चालला, आणि जनावरांना चारा मिळाला तो वेगळाच.

हे सगळं प्राथमिकच्या मुलांना कशाला?

काही सहकाऱ्यांनी मला हे विचारलं. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येणार नाही, मग वेळ कशाला घालवायचा? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आपल्यावर कामांचा बोजा आहे, हे मीही भोगते. तरी माझी तीन कारणं आहेत.

पहिलं कारण मुलांच्या घरचं. जमिनीत नत्र आणि स्फुरद कमी असला की ज्वारीची हाक मोठी होते. हाक मोठी, म्हणजे चोरही जास्त. हलक्या, खत न मिळालेल्या रानात टारफुला अधिक त्रास देतो तो यामुळे. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांची रानं हलकी आहेत, त्यांच्याच घरी हा चोर पहिला येणार. फूल यायच्या आत उपटायचं, बोंडं धरलेलं झाड खतखड्ड्यात टाकायचं नाही, त्याच रानात दरसाल ज्वारी घ्यायची नाही, शेणखत द्यायचं, एवढं त्या मुलाला दहाव्या वर्षी कळलं तर बिघडलं कुठे?

दुसरं कारण 'चांगलं-वाईट' या खान्यांचं. आपण तक्ते करतो, उपयुक्त सजीव आणि हानिकारक सजीव. बुरशी कुठल्या रकान्यात लिहायची? कापसाच्या मुळातलं तेच रसायन उपकारक की घातक? एकच हाक कुणाच्या कानावर पडते यावर सगळं ठरतं. तक्ता करू नका असं मी म्हणत नाही. तक्ता झाल्यावर मुलांना त्यातली एक नोंद खोडून बघायला लावा, एवढंच.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या मुलाचा प्रश्न, 'ज्वारी टाळी वाजवतेच कशाला', पुस्तकातला नव्हता आणि उत्तरपत्रिकेत त्याला जागा नाही. पण शास्त्रात जे उत्तर ३९ वर्षांनी आलं, ते याच प्रश्नाचं. असे प्रश्न आमच्या वर्गात रोज पडत असतील. आम्ही 'दोन मुद्दे लिहा' म्हणून पुढे जातो.

एक सावधगिरीही सांगते. मोबाइलवर हल्ली 'झाडं एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिल्लांना जेवू घालतं' अशा चित्रफिती फिरतात. मुलांना त्या आवडतात. मीसुद्धा इथे 'हाक' म्हटलं, 'चोर' म्हटलं. पण खेळ संपल्यावर मुलांना गोल बसवून विचारा, ज्वारीला खरंच तोंड आहे का? तिला कुणाला बोलवायचं असतं का? मग सांगा की रसायन पाझरतं, ज्याच्याकडे ते ओळखायची सोय आहे तो जागा होतो, बस. ही सोय कोट्यवधी वर्षांत घडत गेली. गोष्ट सांगून झाल्यावर ती उलगडूनही दाखवली, तर मुलं गोष्ट आणि शास्त्र वेगळं करायला शिकतात. मोठेपणी त्यांना याची फार गरज पडणार आहे.

प्रश्न थोडा बदलूया

या वर्षी माझ्या घटक चाचणीत 'मुळांची कामे लिहा' हा प्रश्न होताच. त्याखाली मी आणखी एक दिला: 'ज्वारीच्या मुळानं हाक मारणं बंद केलं तर काय काय होईल? कुणाचा फायदा, कुणाचा तोटा?' गुण तीन. बहुतेकांनी चोर आणि सुतळीवाली दोन्ही लिहिली. एका मुलीनं लिहिलं, 'फुटवेपण जास्त येतील पण खायला नसेल.' फुटव्यांचं मी वर्गात एकदाच, जाता जाता बोलले होते. तिला तीनपैकी तीन दिले.

आणि तो मुलगा? त्यानं या पावसाळ्यात आजोबांबरोबर रानात जाऊन फूल यायच्या आतच टारफुला उपटला. एक झाड मुळासकट शाळेत आणलं, ज्वारीच्या मुळाला चिकटलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. भिंगाखाली आम्ही सगळ्यांनी तो जोड बघितला. बघून झाल्यावर त्यानंच विचारलं, "बाई, आता हे जाळायचं ना?"

आम्ही ते चुलीत टाकलं.